थोरला, धाकटा आणि आई

"मिलिंद, तुम्ही लिहाच," असं आमच्या डॉक्टर मॅडम गेलं वर्षभर म्हणतायत. "नवीन आईबाप येतात, घाबरलेले असतात. आम्ही सांगितलेलं त्यांना पटत नाही. तुम्ही इतकी वर्षं यातून गेलात, तुमचं पटेल." म्हणजे मी अजून आहे, एवढीच माझी पात्रता. तेवढ्यावर लिहायला बसलोय.

माझं वय पन्नास. जन्मापासून मला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त गोठण्यासाठी जो एक घटक लागतो तो माझ्या रक्तात जवळजवळ नाहीच. शाळेत असताना त्यात एचआयव्हीची भर पडली, आणि ती हिमोफिलियाच्या औषधातूनच पडली. बाळकुमला एका इमारतीत सहाव्या मजल्यावर आई, मी आणि बायको वर्षा असे तिघं राहतो. एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी मी घरूनच नकाशे काढतो. बायकोचं ऐकतो, आईचं ऐकल्यासारखं करतो. तब्येत छान आहे. पँट्स घट्ट व्हायला लागल्यात.

तेव्हा हे वाचून रडू येईल असं काही मनात धरून बसू नका. आजाराशी माझं कधीच जुळून गेलं. जुळलं नव्हतं ते आईचं. मला हे दोन्ही आजार आपल्यामुळे झाले, असं ती पस्तीसएक वर्षं मनात धरून होती. त्यातून तिला कोणीच बाहेर काढू शकलं नाही. बाबा नाही, मी नाही, डॉक्टर नाहीत. लिहायचंय ते मुख्यतः त्याबद्दल.

औषध आणि पेढे

हिमोफिलिया म्हटलं की लोकांना वाटतं, बोट कापलं की माणूस संपला. तसं नसतं. बोट कापलं तर दाबून धरता येतं. खरा त्रास आतला. काही कारण नसताना गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरतं, सांधा टरारून फुगतो, आणि ते दुखणं असं असतं की पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. माझं अर्धं लहानपण डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये पाय उशीवर ठेवून गेलं. फारच झालं की मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हायचं आणि रक्तातला पिवळा द्रव बाटल्याच्या बाटल्या चढवत पडून राहायचं.

मग फॅक्टर आलं. फॅक्टर म्हणजे माझ्या रक्तात नसलेला तो घटक, पावडर करून छोट्या बाटलीत भरलेला. तेव्हा ते परदेशातून यायचं. बाबा डोंबिवलीच्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथल्या एका साहेबांचा भाऊ परदेशात होता, तो येताना एक-दोन डबे घेऊन यायचा. हॉस्पिटलातल्या एका सिस्टरने आईला सगळं शिकवलं. पाणी घालून बाटली हलवायची नाही, फेस होतो. दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवायची. दंडाला पट्टा बांधायचा, शीर बोटाने चाचपायची. बारीक सुई आत गेली की नळीत रक्ताचा लाल ठिपका दिसतो. तो दिसला की पट्टा सोडायचा आणि सावकाश औषध ढकलायचं.

माझी आई सातवी शिकलेली. ती हे असं शिकली की पुढे सिस्टर म्हणायच्या, "वहिनी, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." आणि खरंच जादू झाली. सकाळी गुडघ्यात मुंग्या यायला लागल्या की आई सुई द्यायची आणि अकराच्या शाळेला मी जायचो. लंगडत, पण जायचो. सहलीला गेलो. गणपतीत आरतीला उभा राहिलो. त्या आनंदात आई त्या साहेबांच्या घरी पेढे घेऊन गेली, त्यांच्या बायकोची खणानारळाने ओटी भरून आली. "तुमच्या भाऊजींनी माझ्या मुलाला पाय दिले," असं म्हणाली होती म्हणे.

त्याच डब्यांमधल्या कुठल्या तरी बाटलीत एचआयव्ही होता. कुठल्या, ते कोणालाच कधी कळणार नाही. तेव्हा फॅक्टर हजारो लोकांच्या रक्तातून बनायचं आणि त्यातले विषाणू मारायची रीत अजून सगळीकडे आलेली नव्हती.

मोसंबीचा ज्यूस

निदानाचा दिवस मला नीट आठवतो, पण तो निदानाचा दिवस आहे हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. हिमोफिलियाच्या सगळ्या मुलांचं रक्त तपासायला घेतलेलं. रिपोर्ट आले तसं आईबाबांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मी नववीत होतो. बराच वेळ कोणी बाहेर येईना. आत जाऊन बघावं तर शिपाई जाऊ देईना.

शेवटी बाबा आले. मला खाली घेऊन गेले आणि मोसंबीचा ज्यूस पाजला. मोठा ग्लास. आमच्या घरात मोठा ग्लास कोणी मागवायचं नाही. मी विचारलं, "बाबा, बरा झालो का मी?" बाबा म्हणाले, "पी." आई ज्यूस प्यायली नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती, जिथे सुई द्यायची तिथे.

खरं काय ते बाबांनी मला दहावीची परीक्षा झाल्यावर सांगितलं. संध्याकाळी रिक्षाने रेतीबंदरावर नेलं, खाडीकडे तोंड करून बसवलं. बाबा मितभाषी माणूस. होड्यांकडे बघत म्हणाले, "हे बघ, तुला एक आजार आहे तो थोरला. आता त्याला एक धाकटा झालाय. धाकट्याचं नाव बाहेर कुठे घ्यायचं नाही. बाकी दोघांना सांभाळायला मी आणि आई आहोत."

मी विचारलं, "मरणार का मी?"

"आज नाही," बाबा म्हणाले. "चल, भेळ खाऊ."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण नंतर किती तरी वर्षं मी तेवढ्यावरच काढली. कुठलीही सकाळ उजाडली की 'आज नाही' म्हणायचं आणि दात घासायला जायचं. ज्यांना नुकतंच कळलंय त्यांना माझ्याकडून एवढंच उसनं घ्यायचं तर घ्या, परत करायची घाई नाही.

हॉस्टेलातला मुलगा

तेव्हापासून आमच्या घरात आजारांची हीच नावं पडली. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ, शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा ऐकू यायची. त्यामुळे कोणी ऐकलं तरी फरक पडू नये अशी सोय लागायचीच. "थोरल्याने काल त्रास दिला का?" "नाही, धाकट्याचा ताप आहे." असं आमचं चालायचं.

एका दिवाळीत शेजारच्या नेने काकू फराळाचे दोन डबे घेऊन आल्या. "हा मिलिंदला आणि हा तुमच्या धाकट्याला," त्या आईला म्हणाल्या. "हॉस्टेलला असतो ना तो? सुट्टीतही येत नाही बिचारा." आईने डबा घेतला आणि म्हणाली, "अभ्यास फार असतो त्याला." दार लावल्यावर बाबा आणि मी इतके हसलो की माझी बरगडी दुखायला लागली. आई हसली नाही. तिने त्या डब्यातल्या करंज्यांना हातही लावला नाही.

हसण्याचे प्रसंग थोडे होते, हेही सांगायला हवं. तापात एकदा भरती झालो तेव्हा माझ्या खाटेला कसलीशी खूण लावून ती भिंतीकडे सरकवली होती. जेवणाचं ताट दारापाशी ठेवून जायचे. तिथे एक आयाबाई होत्या, त्या मात्र दुपारी स्वतःचा डबा घेऊन सरळ माझ्या खाटेवर येऊन बसायच्या. "इथं पंखा चांगला लागतो," म्हणायच्या. पंखा काही लागत नव्हता. त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी मी आयुष्यात विसरणार नाही.

बर्फाची वर्षं

निदान झालं त्या दिवशी आईने सुई ठेवली ती ठेवलीच. उरलेल्या बाटल्या हॉस्पिटलला परत दिल्या. त्यानंतर थोरल्याने डोकं वर काढलं की आमच्याकडे बर्फ. रुमालात बर्फ बांधायचा, पाय वर ठेवायचा, क्रेप बँडेज आवळायचं आणि वाट बघायची. अगदीच हाताबाहेर गेलं तर हॉस्पिटल.

पुढे फॅक्टर बदललं. विषाणू मारून, धुऊन, तपासून यायला लागलं. डॉक्टरांनी समजावलं, बाबांना पटलंही. पण आईला ते ऐकवेना, आणि आईच्या डोळ्यांतली भीती बघून मलाही सुई नको वाटायची. औषधाला घाबरून आजार वाढू द्यायचा, ही चूक आमच्यासारख्या घरांतच होते. उजवा गुडघा त्यातच गेला. तो आता वाकत नाही. जिने काढून देणं हा माझा धंदा आहे आणि जिना चढणं मला जमत नाही, यावर आमच्या ऑफिसातले लोक अजून विनोद करतात. मीही करतो.

आईने त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं. बाबा गेले त्यानंतर. बाबांचे कपडे आवरताना एकदम म्हणाली, "थोरला माझ्या रक्तातून आला तुझ्यात, आणि धाकटा माझ्या हातून." हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय." ती परत शर्टांच्या घड्या करायला लागली.

वर्षा

पंचविशी गाठेन अशी आशा कोणी ठेवली नव्हती. आमच्या बरोबरीची मुलं एकेक करून जात होती. त्यातला संजय माझा जिवलग. आंबिवलीचा. त्यालाही दोन्ही आजार होते आणि तोंडाने माझ्यापेक्षा फटकळ. "मिल्या, मी गेलो ना तर माझी कॅरमची सोंगटी तुला," म्हणायचा. गेला तो. चांगल्या गोळ्या सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळायला लागल्या त्याच्या थोडंच आधी.

मला त्या गोळ्या मिळाल्या. सुरुवातीला मळमळ व्हायची, अंगावर पुरळ यायचं, स्वप्नं तर अशी पडायची की बोलायची सोय नाही. पण वर्षभरात अंगावर मांस आलं. ताप थांबले. आता रात्री जेवल्यावर एक गोळी घेतो, बस. रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे, आणि तो तसाच ठेवण्यासाठी गोळी चुकवायची नाही. डॉक्टर मॅडम हल्ली मला धाकट्यावरून ओरडतच नाहीत. साखर कमी खा म्हणून ओरडतात. पहिल्यांदा साखरेवरून ओरडल्या त्या दिवशी मी घरी येऊन आईला म्हटलं, "आई, मला म्हातारपणाचे आजार व्हायला लागले गं," आणि इतका आनंद झाला की जिलबी आणली.

वर्षा संजयची धाकटी बहीण. कल्याणला शाळेत शिकवते. संजय गेल्यावरही ती आमच्याकडे येत राहिली. एकदा मी तिला गंभीरपणे समजवायला लागलो की मी लग्नाच्या लायकीचा नाही, वगैरे. तिने मला मध्येच तोडलं.

"अरे, मी दादाचं सगळं केलेलं आहे. थोरला, धाकटा, सगळं. तुझ्याशी लग्न केलं तर नवीन काही शिकायला लागणार नाही मला. दुसऱ्या कोणाशी केलं तर त्याचा बीपी-बिपी शिकत बसू का?"

डॉक्टरांना विचारून, सगळं समजून उमजून लग्न केलं. मूल नको असं दोघांनी ठरवलं. त्याचं दुःख आहे, पण ते दोघांचं मिळून आहे. वर्षाचे रिपोर्ट आजतागायत स्वच्छ आहेत.

बर्फाची वर्षं तिनेच संपवली. लग्नानंतर पहिल्यांदा घोटा सुजला तेव्हा आईने फ्रीज उघडला, आणि वर्षाने तो बंद केला. "आई, बर्फ लावा हवा तर, पण सुई घेतल्यावर." सरकारी हॉस्पिटलातून फॅक्टर घरी ठेवायला मिळायला लागलं तसं ती मला घरी द्यायला लागली, मग तिने मलाच शिकवलं. आता बुधवारी आणि शनिवारी, दुखो न दुखो, मी डाव्या हाताच्या शिरेत घेतो. त्यामुळे सांध्यांत रक्त उतरणं जवळजवळ थांबलंय.

पण इतक्या वर्षांत मी सुई घेताना आई कधी खोलीत थांबली नाही. ट्रे बाहेर काढला की ती उठायची, स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची आणि दाण्याचं कूट करायची. मिक्सरच्या आवाजात तिला काही ऐकू यायचं नाही. आमच्या घरात कूट कधी संपत नाही. वर्षा शाळेत डबे भरभरून वाटते.

तो रविवार

गेल्या हिवाळ्यात वर्षाच्या मामेबहिणीचं लग्न महाडला होतं. रविवारी सकाळी ती खोपटच्या स्टँडवरून एसटीने गेली, दुसऱ्या दिवशी यायची होती. निघायच्या आधी सामान भरायला तिची बॅग मीच माळ्यावरून काढून दिली. ती नको नको म्हणत होती, आणि मला नवरेपणा दाखवायचा होता. बॅग उजव्या हातावर आली.

ती गेल्यावर तासाभरात उजव्या कोपरात मुंग्या यायला लागल्या. या मुंग्या आम्हा लोकांना बरोबर कळतात, आत गळती सुरू झाली की सूज दिसायच्या आधी येतात. उजवं कोपर हा माझा शेवटचा धड सांधा. त्यावर माझी पेन्सिल, माझा माऊस, माझी कुबडी, सगळं चालतं. ते गेलं तर गुडघ्यासारखंच आखडून बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मॅडमना फोन लावला.

"घरी फॅक्टर आहे ना? मग आधी ते घ्या. लगेच. मग मला दाखवायला या. आधी निघू नका, वाटेत वेळ घालवू नका."

सांगायला सोपं. डाव्या हाताला सुई द्यायला उजवा हात लागतो. मी पट्टा दातांनी ओढला, सुई धरली, आणि बोटं अशी थरथरायला लागली की पहिल्यांदा कातडीच खरचटली. दुसऱ्यांदा सुई हातातून पडली. रविवार असल्याने खालचा दवाखाना बंद. आणि खरं सांगायचं तर अनोळखी कोणाला बोलावून आधी धाकट्याची ओळख करून द्यायची, मग त्याचा चेहरा बदलताना बघायचा, हे माझ्याने झालं नसतं. वर्षाला फोन करावा तर ती वाटेत उतरून परत येईल. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो.

मिक्सर थांबला. आई दारात आली. नव्या चष्म्यातून तिने माझं कोपर बघितलं, खाली पडलेली सुई बघितली.

"पट्टा सैल बांधलायस," ती म्हणाली.

"आई, तू जा आत. मी बघतो."

"काय बघतोस? दोन्ही हात कामातून गेलेत तुझे." तिने खुर्ची ओढली. "दुसरी सुई कुठे आहे?"

"आई, तू नको. तुला लागलं-बिगलं तर... माझं रक्त आहे ते."

"तुझं रक्त मला नवीन आहे का? हातमोजे कुठेयत ते सांग."

मी दाखवले. तिने कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले, एक बोट उलटं गेलं ते परत नीट घातलं. मग बाटली उचलली आणि तिथे अडकली. दोन्ही तळव्यांमध्ये धरून ती नुसती बघत राहिली. लेबल वाचायचा प्रयत्न करत होती, इंग्रजीतलं, बारीक अक्षर.

"मिलिंद, खरं सांग," ती म्हणाली. "यातून तिसरा नाही ना यायचा?"

पस्तीस वर्षं, आधी बर्फ बांधताना आणि मग मिक्सरच्या आवाजाखाली, ती हाच प्रश्न घेऊन उभी राहत होती आणि तिने तो कधी विचारला नव्हता, आणि आम्ही कधी तिला विचारू दिला नव्हता.

"नाही येणार, आई. आता ते स्वच्छ करून येतं. वर्षा आली तेव्हापासून मी हेच घेतोय. काही झालं का मला?"

"पोट सुटलं," ती म्हणाली, आणि बाटली तळव्यांत हळूहळू फिरवायला लागली.

फेस झाला नाही. तिने पट्टा आवळून बांधला, दोन बोटांनी शीर टकटकवली. चष्मा काढून बाजूला ठेवला. मी म्हटलं, "आई, दिसणार कसं?" ती म्हणाली, "शीर बोटांना दिसते. मूठ आवळ आणि बडबड बंद कर."

पहिला प्रयत्न चुकला. शीर सरकली. आईच्या कपाळावर घाम आला. तिने सुई काढली, कापूस दाबून धरला. "जमणार नाही मला," ती हळूच म्हणाली. "याच हाताने..."

आता गप्प बसलो तर परत कधी बोलणार नाही, असं मला वाटलं.

"याच हाताने काय? आई, धाकटा बाटलीतून आला. तुझ्या हातून मी शाळेत गेलो. दहावी झालो, ड्रॉइंग शिकलो. पलीकडच्या चौकात तीन इमारती उभ्या आहेत त्यांचे नकाशे माझे आहेत. तू सुया दिल्या नसत्यास तर मी धाकटा यायच्या आधीच खाटेला खिळलो असतो. तुला हे कोणी सांगितलंच नाही का कधी?"

"नाही," आई म्हणाली. "तू तरी कुठे सांगितलंस?"

खरं होतं.

तिने नवी सुई घेतली. पुन्हा टकटक, पुन्हा चाचपणं. काही टोचलंय हे मला कळलंच नाही. नळीत लाल ठिपका दिसला आणि ती लगेच म्हणाली, "सोड मूठ." पट्टा सोडला. मग इतकं सावकाश औषध ढकललं की मला झोप यायला लागली, लहानपणी यायची तशी. सगळं झाल्यावर तिने कापूस दाबून धरला, सुई काळजीपूर्वक जाड डब्यात टाकली. कापूस तिने बराच वेळ सोडला नाही. आम्ही दोघंही रडत होतो, पण आईचे हात गुंतलेले असल्यामुळे तिचे डोळे मलाच पुसावे लागले, तेही दुखऱ्या हाताने.

दुपारी रिक्षा करून मॅडमकडे गेलो. आईही आली. मॅडमनी कोपर तपासलं, म्हणाल्या, "वेळेवर घेतलंत. कोणी दिलं?" मी आईकडे बोट दाखवलं. "आजी, एकदम बरोबर शिरेत," मॅडम म्हणाल्या. आई म्हणाली, "दुसऱ्यांदा. पहिली चुकली."

नवीन माणसांसाठी

सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. हिमोफिलियाच्या डॉक्टरांना धाकट्याबद्दल सांगा आणि गोळ्यांच्या डॉक्टरांना थोरल्याबद्दल. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, तेव्हा दोघांनाही सगळं ठाऊक हवं. मुंग्या आल्या की थांबू नका. बर्फ लावा, पण सुई आधी. आज मिळणारं औषध आमच्या वेळचं नाही, त्याच्यावर आमची भीती लादू नका. आणि घरात कोणीतरी गप्प गप्प असेल, दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जात असेल, तर त्याच्या मागे जा. मिक्सर बंद करा आणि विचारा.

त्या रविवारनंतर दोन आठवडे आईनेच मला फॅक्टर द्यायचं ठरलं, कोपराला विश्रांती म्हणून. वर्षा शाळेतून आली की ट्रे बघायची आणि चहा टाकायला जायची.

कोपर कधीच बरं झालंय. पूर्वीसारखं वळतं, दिवसभर नकाशे काढतो, परवा वर्षाची बॅग पुन्हा माळ्यावर टाकली (यावेळी ती स्टुलावर चढून वरून ओढत होती, मी नुसता खालून आधार दिला). पण "आई, आता माझं मी घेतो," हे मी अजून म्हटलेलं नाही. वर्षाने एकदा डोळ्यांनीच विचारलं, तेव्हा मी कोपर धरून उगाच कळवळलो. ती हसू दाबत आत गेली.

आईला कळत नाही असं नाही. काल मी त्याच हाताने नारळ फोडला, तिच्यासमोर. तिने वाटीत पाणी धरलं, नारळ गोड निघाला म्हणाली. आणि आज बुधवार म्हणून आंघोळ झाल्यावर तिने कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे घातले, चष्मा काढून ठेवला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आण इकडे," म्हणाली.

मी डावा हात पुढे केला.